सव्वा मूठ

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण गोष्ट सांगायची तर दर वाक्याला "आमचे हे, आमचे हे" किती करणार? म्हणून एकदाच सांगून टाकते. त्याचं नाव भटू. सुरतेतल्या उधन्यात भाईदास शेठच्या खात्यात तो सांचे चालवायचा. सांचे म्हणजे साडीचं कापड विणणारे माग, आणि खातं म्हणजे ते माग जिथे दिवसरात्र खडखडतात ती पत्र्याची लांबलचक शेड. मी सरला. घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची आणि शेठला शिव्या द्यायची. दोन्ही कामं दिवसभर बरोबरीने चालत.

शेठने रजेला कधी "नाही" म्हटलं असतं तर मी एवढी चिडले नसते. तो "नाही" म्हणतच नसे. तो म्हणे, "जोईशुं." म्हणजे बघू. सुरतेत आल्यावर मी पहिला गुजराती शब्द शिकले तो हाच. बहिणीचं लग्न आहे, शेठ. जोईशुं. आईला बरं नाही, शेठ. जोईशुं. भटू चार दिवसांनी पुन्हा विचारायला जाई, पुन्हा जोईशुं घेऊन घरी येई. शेवटी लग्न लागून जाई, आजारी माणूस एकतर उठून बसे नाहीतर उरत नसे, आणि मग शेठ चकचक करत म्हणे, "अरे भटू, पहेलां कहेवुं जोईए ने!" आधी सांगायला हवं होतंस म्हणे! माझी तळपायाची आग मस्तकात जायची. प्लेगच्या साली अख्खं सुरत पळालं तेव्हा कोणी रजा मागितली नव्हती आणि कोणी जोईशुंही म्हटलं नव्हतं. बाकी शहराला प्लेग झाल्याशिवाय भाईदास शेठकडून रजा सुटत नसे.

भटू मात्र मुकाट. त्याला शेठचा राग येत नसे, स्वतःचीच लाज वाटे. मागणारा तो आणि ओशाळाही तोच. मला हे पाहवत नसे.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्यासाठी गव्हाचा रोट करतात. तो गहू वजनाने घेत नाहीत. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी. प्रत्येकाची सव्वा मूठ. म्हाताऱ्याचीही तेवढीच आणि काल जन्मलेल्या पोराचीही तेवढीच, फक्त त्याची बापाच्या हाताने पडते. तो गहू घरच्याच जात्यावर दळायचा, आणि रोट खायचा तोही भाऊबंदांनीच. परक्याच्या तोंडात घास जायचा नाही, उंबऱ्याबाहेर तुकडा जायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा इकडेतिकडे सांडायचं नाही. बायकांची मूठ नसते. दळायचं आम्ही, भाजायचं आम्ही, मोजणीत मात्र आम्ही कुठेच नाही. मला ते कधीच पटलेलं नाही, पण ते भांडण वेगळं.

आमचं गाव दोंडाईच्याजवळ. तिथे भटूचे थोरले भाऊ, माझे जेठ, पांडुरंगदादा. आईबाप गेल्यावर भटूला त्यांनीच वाढवलं. उंच, भरघोस मिशांचा, नियमाचा पक्का माणूस. भटू सलग दोन वर्षं कानबाईला जाऊ शकला नव्हता, दोन्ही वेळा जोईशुंपायी. तिसऱ्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, श्रावण लागायच्या आतच गावाकडून आलेल्या एका पाहुण्याबरोबर दादांचा निरोप आला. पाहुणा चहा पिता पिता सहज बोलल्यासारखं बोलला.

"दादा म्हने, दोन वरीस मी तुन्हा नावनी मूठ टाकी. आवंदा तू उना नही, ते मी टाकाव नही."

भटूचा चहा हातातच राहिला. दोन वर्षं भावाच्या नावाची मूठ दादांनी टाकली होती, यंदा नाही आलास तर टाकणार नाही. ऐकणाऱ्या परक्याला यात काय वाटेल? पण मूठ पडली नाही म्हणजे घरातल्या पुरुषांत तो माणूस धरला नाही. मेलेल्याची मूठ टाकत नाहीत. पाहुणा गेल्यावर भटू कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला, आणि मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. आमच्या हर्षदाने, ती तेव्हा पहिलीत होती, दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मागायला सुरुवात केली. जोईशुं. बदली कामगार आणतो म्हणाला. जोईशुं. बदली म्हणून त्याने शेजारच्या खात्यातल्या लक्ष्मणला तयार केलं, शेठसमोर उभं केलं. शेठने लक्ष्मणला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आ तो धागो तोडशे." हा धागे तोडेल म्हणे! आणि पुन्हा तेच, सीझन आहे, रक्षाबंधनाचा माल निघायचा आहे, जोईशुं. नागपंचमी होऊन गेली. रविवार तोंडावर आला. भटूचं जेवण तुटलं. ताटात हात फिरवायचा आणि उठायचा.

गुरुवारी मी कात्री खाली ठेवली, चांगलं लुगडं नेसले आणि खात्यावर गेले. भटूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने जाऊ दिलं नसतं.

खात्यात पाऊल टाकलं की कानात दुसरं काही शिरत नाही. मागांतले धोटे इकडून तिकडे आपटत असतात, जमीन पायाखाली थरथरते. तिथले कामगार बोलत नाहीत, ओठ बघून समजून घेतात. शेठ कोपऱ्यात, काचेच्या अर्ध्या भिंतीआड बसला होता. मांडीवर त्याचा नातू, गुटगुटीत पोरगा, शेठच्या डोळ्यांची बाहुली. भटू शेडच्या पार टोकाला होता, पाठमोरा. शेठने कानामागे हात धरून मला विचारलं, "शुं छे, बेन?"

मी ठरवून गेले होते की याच्याशी याच्या भाषेत बोलायचं. म्हणजे न समजल्याचं सोंग करायला नको. मी ओरडून म्हणाले, "शेठ, आ वरसे एने गाम जवा दो! एनो भाई मूठ नाखशे!"

मला म्हणायचं होतं, याला गावी जाऊ द्या, याचा भाऊ मूठ टाकणार आहे. शेठ थोडा पुढे झुकला. "शुं नाखशे?"

"मूठ! मूठ!" मी हाताची मूठ वळून त्याच्या नाकासमोर धरली आणि झटक्यात उघडून दाखवली, गहू टाकतात तशी.

शेठचा चेहरा पडला. ओठ हलले ते मी वाचले. "कोना नामनी?"

कोणाच्या नावाची? मला बरं वाटलं. चला, निदान विचारतोय तरी. मी जोर काढून ओरडले, "बधाना नामनी! घरमां जेटला पुरुष, एटली मूठ! नाना छोकरानी पण!" घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी, लहान पोराचीसुद्धा. आणि समजावं म्हणून त्याच्या मांडीवरच्या नातवाकडे बोट दाखवलं.

शेठने पोराला छातीशी ओढून धरलं. मग तो उभा राहिला. मला म्हणाला, बसा बेन, पाणी घ्या बेन. आतापर्यंत त्याने मला कधी बसा म्हटलं नव्हतं. चार दिवसांची रजा दिली, वर हात जोडून म्हणाला, "भाईने कहेजो, भाईदास शेठे ना नथी पाडी." भटूच्या भावाला सांगा, मी नाही म्हटलेलं नाही. तेही खरंच होतं. नाही तो कधी म्हणतच नसे! मी मान ताठ करून बाहेर आले. मनात म्हटलं, नवरा तीन वर्षं हात हलवत परत येतो आणि मी एका फेरीत रजा आणली. घरी येऊन हर्षदाला गुळाचा खडा दिला आणि ट्रंक काढली.

भटू आला तो हसत आला. किती दिवसांनी! ताटातलं सगळं जेवला. मी विचारलं नाही की शेठने तुम्हाला काय सांगितलं, आणि त्याने विचारलं नाही की मी शेठला काय सांगितलं. आनंदात कोण चौकशी करतं?

शुक्रवारी पाळी संपवून तो परतला तेव्हा दारातच उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता.

"तू शेठले काय सांगी उनी?"

"काय म्हंजे? मूठनं सांगं."

"मूठ!" तो आत येऊन भिंतीला टेकला. मग हळूहळू सगळं सांगितलं. सकाळी खात्याच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती. शेजारच्या सांच्यावरचा माणूस त्याच्या सावलीतून बाजूला झाला. डबा खायला कोणी त्याच्याजवळ बसलं नाही. शेवटी लक्ष्मण भेटला, त्याने बाजूला घेऊन विचारलं, भटू, तुझा भाऊ खरंच मूठ मारतो का रे? शेठच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मारणार असं तुझी बायको दम देऊन गेली म्हणतात.

मी कपाळावर हात मारून घेतला. मूठ मारणं मला काय माहीत नाही? मांत्रिक उडदाची मूठ मंतरून माणसावर सोडतात आणि तो माणूस रक्त ओकून मरतो, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. पण माझ्या डोक्यात गहू होता, गहू! त्या खडखडाटात मी ओरडले गहू आणि शेठने ऐकलं मरण. कोना नामनी, बधाना नामनी, नाना छोकरानी पण. आठवलं तसं अंगावर काटा आला आणि, खरं सांगते, त्याच्या पाठोपाठ हसूही आलं. तीन वर्षं आमच्या तोंडाला पानं पुसणाऱ्या माणसाची पाचावर धारण बसली होती. मला त्याची काडीची दया आली नाही.

"उद्या सांगस मी त्याले," भटू म्हणाला. "मूठ गहूनी शे म्हनीसन."

"डोकं फिरनं का तुमनं?" मी दार लावून घेतलं. "आते गप बठा. शनवारे गाडीमा बठसूत, मंग काय ते दखसूत."

"कानबाईना नावखाल मानूसले भेवाडीसन रजा ली? तो रोट मन्हा गयाखाल उतराव नही, सरला."

त्याने मला नावाने हाक मारली म्हणजे गोष्ट हद्दीच्या पलीकडे गेली होती. मी खूप बोलले. तुम्ही कोणाला घाबरवलं नाही, मीही नाही, तो आपल्या मनानेच घाबरला. खरं सांगून बघा, रजा गेलीच समजा. दादा मूठ टाकणार नाहीत. मग बसा हात बघत. तो ऐकत होता, पण ऐकून घेत नव्हता. आम्ही दोघं असे समोरासमोर बसलेलो असताना बाहेर गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला.

भाईदास शेठ आला होता. बरोबर त्याचा मोठा मुलगा आणि खात्यावरचे दोन दांडगे गडी. आमच्या खोलीत शेठ वाकून शिरला. डोळे सुजलेले. शेजारच्या बायका दारात जमल्या, त्यांना गड्यांनी मागे लोटलं.

"छोकराने ताव छे," शेठ म्हणाला. पोराला ताप होता. कालपासून उतरत नव्हता. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण शेठचं मन त्या औषधात नव्हतं. त्याने एकदम भटूसमोर हात जोडले. "भटू, में रजा तो आपी दीधी. हवे मूठ पाछी वाळी ले, भाई."

रजा दिली ना, आता मूठ मागे घे. तो काकुळतीला आला होता, पण त्याचा मुलगा नाही. तो दात खाऊन म्हणाला की पोराला काही झालं तर तुम्हा तिघांना या खोलीत जिवंत ठेवणार नाही. गड्यांपैकी एकाने दाराची कडी आतून लावली. हर्षदा माझ्या लुगड्यात शिरली. मी तिचं डोकं पोटाशी दाबून धरलं. मघाचं माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

एक मी सांगते. त्या क्षणी भटू खोटं बोलू शकला असता. बरं शेठ, मागे घेतो, एवढंच म्हणायचं होतं. शेठ पाया पडून गेला असता, ताप काय, औषधाने उतरणारच होता, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीत असतो. मी डोळ्यांनी त्याला तेच सांगत होते.

भटूने कोपऱ्यातला गव्हाचा डबा ओढला. झाकण काढलं, हात आत घातला आणि मूठभर गहू काढून शेठसमोर धरला.

"शेठ, आ मूठ," तो म्हणाला. "घऊंनी."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचं गुजराती माझ्यापेक्षा बरं. कानबाई, रोट, घरातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ, दोन वर्षं चुकलेली, यंदा दादा टाकणार नाहीत ती. आमच्या घरातले पुरुष, शेठ, तुमच्या घरातले नाहीत. आमच्याकडचं लहान पोर, तुमच्याकडचं नाही. कोणाचं वाईट चिंतायची नाही, सगळ्यांनी एका ताटात जेवायची मूठ.

शेठने दोन दाणे उचलून बोटांत चोळून पाहिले. मग त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो मटकन माझ्या ट्रंकेवर बसून रडला. मला वाटलं, चला, निभावलं. आता याला समजलं.

पण रडणं संपल्यावर त्याने मान वर केली तेव्हा खिडकीतून, दाराच्या फटीतून डोकावणारी माणसं त्याला दिसली. आपले गडी दिसले, त्यातला एक हसू दाबत होता. भाईदास शेठ मूठभर गव्हाला घाबरून कामगाराच्या खोलीत रडला, ही बातमी सकाळपर्यंत पर्वत पाटियाच्या कापडबाजारात जाणार होती. त्याचा चेहरा बदलत गेला.

"घऊं माटे?" तो म्हणाला. "घऊं माटे तारे चार दिवस जोईए? रजा बंद. काले सवारे सांचा पर." गव्हासाठी रजा कसली, उद्या सकाळी सांच्यावर हजर हो म्हणे!

मला राहवलं नाही. पोरीला बाजूला करून मी पुढे झाले. "शेठ, मारवानी मूठ हती त्यारे चार दिवस, ने खावानी मूठ नीकळी तो एक पण नहीं?"

मारायची होती तेव्हा चार दिवस, जेवायची निघाली तर एकही नाही? शेठ उठला, धोतर झटकलं आणि भटूला म्हणाला की जायचं तर जा, पण मग उधन्यातल्या प्रत्येक खातेवाल्याला मी सांगेन हा मूठ मारणारा आहे. बघू कोण सांच्यावर उभं करतो. आणि दाराबाहेर पडता पडता, सवयीने, "आवता वरसे जोईशुं." पुढच्या वर्षी बघू.

ते गेल्यावर मी भटूला नको नको ते बोलले. खरेपणाचा मोठा आव, आता घ्या, रजाही गेली आणि मूठही गेली. त्याची उजवी मूठ अजून मिटलेलीच होती, बोटांच्या फटीतून गहू दिसत होता. मग त्याने डाव्या हाताने रुमाल पसरला, मूठ त्यावर रिकामी केली, डब्यातून वर पाव मूठ घेतली आणि पक्की गाठ मारून माझ्या हातात दिली.

"हाई ली जाय. मन्हा हातनी शे. दादाले सांग."



शनिवारी सकाळी तो सांच्यावर गेला, मी हर्षदाला घेऊन भुसावळच्या पॅसेंजरमध्ये बसले. चलथाणच्या उसाकडे बघत, बारडोली, व्यारा, नवापूर, सगळा वेळ ती गाठ मांडीत धरून. काय सांगू, कसं सांगू? जेठाशी मी लग्न झाल्यापासून तोंड उघडून एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात सून जेठासमोर पदर ओढून उभी राहते, बोलायचं झालं तर मधल्या माणसाकरवी बोलते.

आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर पांढरं धोतर अंथरलेलं होतं आणि भाऊबंद गोल बसले होते. दादा एकेकाचं नाव घेत, तो पुढे होऊन मूठ टाकी. त्यांनी मला दारात पाहिलं, माझ्या मागे भटूला शोधलं, आणि नजर काढून घेतली. नावं पुढे सरकली. काका झाले, चुलत दीर झाले, त्यांची पोरं झाली. भटूचं नाव जिथे यायला हवं होतं तिथे दादा क्षणभर थांबले आणि पुढच्याचं नाव घेतलं.

मी पदर ओढून पुढे गेले आणि धोतराच्या कडेला बसले. रुमाल समोर ठेवला.

"बाईना हातनी मूठ चालत नही," दादा कोणाकडेही न बघता म्हणाले.

"मन्हा हातनी नही शे, दादा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यासना हातनी शे."

"तो कथा शे?"

"सांचावर."

"रजा भेटनी नही?"

"भेटनी व्हती," मी म्हणाले. "त्यासनी सोडी दिनी."

"कसाले?"

मग मी सांगितलं. पदराच्या आतून, मान खाली घालून, पण एकही गोष्ट न लपवता. माझं ओरडणं, शेठचं ऐकणं, ताप, कडी, गव्हाचा डबा. कानबाईच्या नावाखाली कोणाला घाबरवलं तर रोट घशाखाली उतरणार नाही असं तुमचा भाऊ म्हणाला, आणि हातात आलेली रजा त्याने परत केली. सांगता सांगता मला रडू फुटलं. भटूवर मी उगाच संतापले होते हे मला तिथे, सगळ्यांसमोर बोलताना कळत होतं.

दादांनी रुमाल ओढून घेतला. गाठ पक्की होती, त्यांना दातांनी सोडवावी लागली. गहू त्यांनी धोतरावर ओतला, रुमाल उलटा करून झटकला, एक दाणा राहू दिला नाही. मग मोठ्याने नाव घेतलं, "भटू." आणि पुढच्याकडे वळले.

रोट झाला. रविवारी कानबाई बसली, जागरण झालं, सोमवारी सकाळी नदीवर तिला पोचवून आलो. पंगतीत भटूच्या जागी ताट मांडलं होतं, त्यात त्याच्या वाट्याचा रोट. तो कोणी खायचा? दुसऱ्याचा वाटा दुसऱ्याने खाऊ नये, टाकू नये, उंबऱ्याबाहेर नेऊ नये. म्हाताऱ्या बायका आपसात कुजबुजत राहिल्या. दादा नदीवरून आले ते कपाळावरचा गुलाल न पुसताच टोपी घालून उभे राहिले आणि त्यांनी तो वाटा फडक्यात बांधायला सांगितला. थोरली जाऊ घाबरून म्हणाली, अहो, उंबरा.

"भटू जठे शे, तठे आपलं घर," दादा म्हणाले. "तठलाच उंबरा."

जन्मात ते कधी सुरतेला आले नव्हते. मंगळवारी सकाळी मी त्यांना घेऊन थेट खात्यावर गेले. दारावर लिंबू-मिरची अजून होती, सुकलेली. दादा वाकून आत शिरले, खडखडाटाने दचकले, मग भटूला शोधत सरळ उभे राहिले. एवढी उंची, त्या मिशा, कपाळभर गुलाल, हातात फडक्याची गाठोडी.

काचेआडून शेठने बघितलं. त्याने ओठांनी मला विचारलं, "आ कोण?"

"एना मोटा भाई!" मी ओरडले. आणि मुद्दाम सांगितलं, "मूठवाळा!"

शेठला सगळं ठाऊक होतं. गहू त्याने बोटांत चोळून पाहिला होता. तरी तो खुर्चीतून उठला आणि त्याने हाताने खूण केली. भटूच्या ओळीपासून सगळे सांचे एकेक करून थांबले. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये कामाच्या वेळी माणसाचा साधा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो त्या दिवशी. भटूने मान वळवली आणि भाऊ दिसल्यावर तो होता तिथेच खाली बसला. दादा त्याच्यासमोर बसले, गाठोडी सोडली. तीन दिवसांचा रोट, कडक झालेला. भटू एकेक तुकडा मोडून खात होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. दादा फडक्याकडे बघत होते, एक कण सांडू नये म्हणून.

शेवटचे दोन तुकडे राहिले तेव्हा शेठ जवळ आला. चपला दूर काढून आला होता. मला हळूच म्हणाला, "छोकरानो ताव उतरी गयो, बेन. माताजीनो प्रसाद मने पण थोडो आपो ने." पोराचा ताप उतरला, देवीचा प्रसाद मलाही द्या.

दादांना गुजराती कळत नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनस हाऊ?"

मी दादांना उत्तर दिलं नाही. शेठकडे वळले. पदर डोक्यावर नीट घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले,

"जोईशुं, शेठ. आवता वरसे जोईशुं."

भटूला ठसका लागला. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाण्याचा गडू पुढे सरकवला आणि म्हणाले, सावकाश खा.